इकोस्पोर्टचे दोन वारसदार

आधी एक विषय संपवतो. फोर्डनं चेन्नईजवळच्या मरैमलै नगरच्या कारखान्याबद्दल तमिळनाडू सरकारशी करार केल्यापासून मला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हटकून असतो: इकोस्पोर्ट परत येतेय ना, मग थांबू का? थांबू नका. करार इंजिनं बनवण्याचा आहे. गुंतवणूक ३,२५० कोटींची आहे आणि उत्पादन सुरू व्हायचंय २०२९ मध्ये. भारतात पुन्हा गाड्या विकण्याची घोषणा त्यात नाही. फोर्डचा साणंदचा कारखाना तर टाटांकडे जाऊनही आता काळ लोटला. ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतातलं जे उत्पादन बंद करायचं जाहीर केलं ते बंदच आहे, असं धरून पुढचा विचार करा.

या आठवड्यात ज्या पत्रानं माझं डोकं तापलं, ते कोल्हापूरहून आलंय. पत्रलेखकांकडे २०१८ची डिझेल इकोस्पोर्ट आहे. व्यवसायासाठी कोल्हापूर-रत्नागिरी सतत चालू असतं, म्हणजे आंबा घाट ठरलेला, आणि डिकीत बहुतेक वेळा माल. महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या पुढे रनिंग. गाडी बदलायची म्हणून ते एका शोरूममध्ये गेले. तिथं त्यांना पाऊण तास स्क्रीन दाखवली, छताची काच उघडून-मिटून दाखवली, सीटमधून येणारी गार हवा दाखवली. मग टेस्ट ड्राइव्ह. शोरूमपासून पुढच्या सिग्नलपर्यंत सरळ रस्त्यावर, दुसऱ्या गिअरच्या वर गाडी गेलीच नाही. यांनी विचारलं, "घाटात कशी चढते?" उत्तर मिळालं, "सर, फाइव्ह स्टार आहे."

बारा-चौदा लाख रुपये मोजणाऱ्या माणसाला हे उत्तर द्यायचं? सेफ्टी रेटिंगचं महत्त्व या सदरात मी वर्षानुवर्षं मांडत आलोय. पण धडक झाल्यावर गाडी तुम्हाला कशी वाचवते, हे रेटिंगवरून कळतं. घाटातल्या वळणावर, समोरून एसटी येत असताना, गाडी तुमच्या हातात किती राहते हे कळायला ती चालवावीच लागते. आणि इकोस्पोर्टवाल्याला नेमकं तेच विचारायचं असतं. कारण त्यानं ती गाडी घेतली होतीच त्यासाठी.

जून २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली तेव्हा मागच्या सीटवर तिसरा माणूस अवघडून बसायचा, मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी धरून लांबी कशीबशी चार मीटरच्या आत बसवलेली, आणि ते दार उघडायचं हँडल मागच्या दिव्यात लपवलेलं. पहिल्यांदा गाडीजवळ आलेला माणूस डिकी उघडायला दार चाचपडत उभा राहायचा. इतकं असूनही ज्यांनी घेतली, ते आजही तिच्याबद्दल बोलताना दोनच गोष्टी सांगतात. एक, डिझेल इंजिन. दीड लिटरचं, नंतरच्या मॉडेलमध्ये १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर टॉर्क देणारं. आकडे मोठे नाहीत, पण ताकद खालपासून, सारखी आणि धक्का न देता यायची. दोन, गाडीचं बसणं. स्टिअरिंगला वजन होतं, वळणात गाडी डोलत नव्हती, जमिनीपासून २०० मिलिमीटर उंच असूनही उंच गाडीसारखी वागत नव्हती.

माझं म्हणणं असं आहे की इकोस्पोर्टची जागा एक गाडी घेऊ शकत नाही. तिची वाटणी झालीय. इंजिनाचा वारसा गेला नाशिकला, महिंद्रा थ्री एक्स ओच्या डिझेलकडे. बसण्याचा वारसा गेला चाकणला, स्कोडाच्या कायलॅककडे. दोन्ही आपल्याच राज्यात तयार होतात. तिसरी मोठी दावेदार, टाटांची नेक्सॉन, तीही रांजणगावची. पण खरी निवड पहिल्या दोघींतच आहे, आणि ती करण्याआधी इकोस्पोर्टमधलं नेमकं काय आवडत होतं, हे प्रत्येकानं स्वतःला विचारायला हवं.

दोघींना आंबा घाटात नेऊन बघा. साखरप्याकडून चढायला लागलात की एका वळणावर मालानं भरलेला ट्रक हमखास पुढे असतो. त्याच्या मागे तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन दीड हजार आरपीएमवर. ट्रक डावीकडे सरकतो, हात दाखवतो, पुढे शंभर-दीडशे मीटर मोकळा रस्ता दिसतो. इथं तुमची इकोस्पोर्ट काय करायची? तुम्ही ॲक्सिलरेटर दाबायचात आणि ती तिसऱ्यातच निघायची. थोडी सावकाश, पण निघायची.

थ्री एक्स ओचं डिझेल याच ठिकाणी इकोस्पोर्टच्याही पुढे जातं. तिचा ३०० न्यूटन मीटर टॉर्क १,५०० आरपीएमलाच हजर असतो आणि २,५०० पर्यंत टिकतो. गिअर बदलायचा विचारही मनात येत नाही. चार माणसं, मागे सामान, एसी चालू, तरी ट्रक मागे पडतो आणि पुढच्या वळणाआधी तुम्ही आपल्या बाजूला परत आलेले असता. चार मीटरच्या आतल्या गाड्यांत असं ओढणारं दुसरं डिझेल मला माहीत नाही.

कायलॅकमध्ये याच क्षणी डावा पाय आणि डावा हात कामाला लावावा लागतो. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल. ११५ पीएस म्हणजे कागदावर इकोस्पोर्टपेक्षा जास्त, पण टॉर्क १७८ आणि तो मिळायला लागतो १,७५० आरपीएमपासून. दीड हजारावर दाबलंत तर इंजिन क्षणभर विचारात पडतं. दुसरा गिअर टाकलात की खूप जोरात जाते, यात शंका नाही. पण तो टाकावा लागतो, आणि ट्रकवाल्यानं हात दाखवल्यावर जो वेळ असतो त्यात टाकावा लागतो. डिझेलवर वर्षं काढलेल्या माणसाला ही सवय नव्यानं लावून घ्यावी लागेल.

आता पुढचं वळण. पावसाळ्यानंतरचं, म्हणजे आतल्या कडेला डांबर उखडलेलं आणि वळणाच्या ऐन मध्यात एक खड्डा. स्टिअरिंग वळवलेलं आहे, गाडी एका अंगावर कललेली आहे, आणि त्याच अवस्थेत पुढचं चाक खड्ड्यात जातं. गाडीची खरी परीक्षा इथं होते. कायलॅक धप्प आवाज करते, धक्का तुमच्यापर्यंत पोचवते, पण ओळ सोडत नाही. तुम्ही जिथं रोखलं होतं तिथंच तिचं तोंड राहतं. हातातल्या स्टिअरिंगला काही दुरुस्ती करावी लागत नाही. कुशाक आणि स्लाव्हिया ज्या पायावर उभ्या आहेत, तोच पाया हिलाही मिळालाय, आणि तो इथं जाणवतो. ही वागणूक मी इकोस्पोर्टमध्ये पाहिली होती आणि ती गेल्यावर इतक्या किमतीत पुन्हा मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

थ्री एक्स ओ तोच खड्डा जास्त मऊपणे घेते. मागे बसलेल्यांना ती जास्त आवडेल, त्यांना जागाही जास्त मिळते. पण वळणात ती अधिक कलते, स्टिअरिंग हलकं आहे, आणि खड्ड्यानंतर पुन्हा स्थिर होण्याआधी गाडी अंग जरा जास्त हलवते. धोकादायक अजिबात नाही. पण चालवणाऱ्याला वेग थोडा कमी करावासा वाटतो, एवढं नक्की. उतरताना मात्र तिची एक जमेची बाजू आहे: चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि तेही प्रत्येक मॉडेलला. कायलॅकला मागे ड्रम आहेत, जसे इकोस्पोर्टलाही होते.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. नेक्सॉनचं डिझेल दमदार आहे आणि खराब रस्त्यावर तिच्याइतकी निवांत दुसरी नाही. विदर्भ-मराठवाड्यात सरळ, लांब, उखडलेल्या रस्त्यांवर फिरणाऱ्यानं तीच घ्यावी. सोनेट आणि व्हेन्यू यांचं डिझेल गुळगुळीत आहे, शहरात मला त्या आवडतात, घाटात आठवण यावी असं त्यांच्यात काही सापडलं नाही. ब्रेझाचा प्रश्नच नाही. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल सोडलं, आणि इकोस्पोर्टवाल्याला टर्बो नसलेलं पेट्रोल घाटात चालवायला देणं म्हणजे त्याचा हिरमोड करणं.

पैशाचं गणित आता बदललंय, ते नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी सरसकट १८ टक्के. आधी पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ पडायचा. म्हणजे जीएसटीत डिझेलवरचा जादा भार संपला. पण आपल्या आरटीओत तो कायम आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला महाराष्ट्रात पेट्रोल असेल तर १२ टक्के रोड टॅक्स, डिझेल असेल तर १४. बारा लाखांच्या गाडीवर हे २४ हजार होतात, आणि डिझेल गाडीची मूळ किंमतच जास्त असते ती वेगळी.

त्यात डिझेलची आणखी एक अट असते, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. बीएस सिक्स डिझेलच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून अर्धा-पाऊण तास हायवेच्या वेगानं चालावी लागते. रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही कोथरूड किंवा ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये, अशा माणसानं डिझेल घेतलं की गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. रनिंग नसेल तर डिझेलचा हट्ट सोडा, ॲव्हरेजचा आकडा कितीही मोहात पाडो.

आता माझा नेहमीचा विषय, कारण तो इथंही आलाच. इकोस्पोर्टच्या एसीला बटणं होती. रस्त्यावरून नजर न हटवता बोटांना सापडणारी. कायलॅकच्या वरच्या मॉडेलांत त्या जागी स्पर्शाची पट्टी दिलीय. गुळगुळीत, सपाट, अंधारात चाचपडायला लावणारी. नेक्सॉननंही तेच केलं. थ्री एक्स ओनं इथं शहाणपणा दाखवलाय. घाटात पाऊस लागला, काचेवर बाष्प धरलं, की समोरची हवा काचेवर वळवायला सेकंदभरात बटण सापडलं पाहिजे. गाड्यांना सेफ्टी रेटिंग देणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं नसतील तर गुण कापायला सुरुवात केलीय. त्यांनी एसीलाही तो नियम लावावा आणि आपल्या भारत एनकॅपनं तो उचलावा, असं माझं ठाम मत आहे. सपाट काचेमुळे नजर रस्त्यावरून हटते आणि त्यातून अपघात होतात, हे सिद्ध करायला कुणी थांबू नये. कायलॅक घेणाऱ्यांना माझा सल्ला: फिरवायच्या गोल बटणांचं खालचं मॉडेल घ्या. सहा एअरबॅग त्यातही आहेत.

ज्यांची इकोस्पोर्ट अजून उत्तम चालते आहे, त्यांनी घाईनं विकूही नये. सुटे भाग आणि सर्व्हिस देत राहू, असं फोर्डनं बंद करतानाच जाहीर केलं होतं. डिझेलवाल्यांनी टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा. एक लिटर इकोबूस्टवाल्यांनी तर तेलाबाबत अजिबात तडजोड करू नये. त्या इंजिनाचा बेल्ट तेलातच फिरतो. चुकीचं तेल टाकलं की त्याचा रबर सुटतो, तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेल पोचेनासं होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये "चालतंय हो" म्हणून मिळालेलं तेल त्यात टाकू नका.

बदलायचीच असेल, तर माझा कौल असा. महिन्याला दीड-दोन हजारांच्या पुढे रनिंग, गाडीत सतत माणसं किंवा माल, वाटेत घाट: थ्री एक्स ओ, डिझेल, मॅन्युअल. कोल्हापूरच्या पत्रलेखकांनी हीच घ्यावी. बाकी सगळ्या इकोस्पोर्टवाल्यांनी, आणि असे लोक जास्त आहेत, कायलॅक घ्यावी, तीही मॅन्युअल. घाटात एक गिअर खाली टाकायची सवय महिन्याभरात लागते. वळणात न डगमगणारी गाडी मात्र विकत घेतानाच निवडावी लागते, नंतर कोणत्याही ॲक्सेसरीच्या दुकानात ती मिळत नाही.

बुकिंगची रक्कम देण्याआधी डीलरला स्पष्ट सांगा की गाडी घाटात न्यायची आहे, चार माणसं बसवून, स्टिअरिंगवर तुम्ही. इंधनाचे पैसे तुम्ही द्या. पुणेकरांना कात्रज आहे, नाशिककरांना कसारा, कोल्हापूरकरांना आंबा. जो डीलर नाही म्हणेल त्याच्याकडून गाडी घेऊ नका. त्याच कंपनीचा दुसरा डीलर शोधा.