राजगृहातील सावत्र आई : रोम, रायगड आणि दूरचित्रवाणी

ऐतिहासिक मालिकांविषयी आपल्याकडे होणारी चर्चा बहुधा वेशभूषा, भाषा आणि सनावळी यांच्या अचूकतेपाशी थांबते. मालिकेतील घटना सांगतो कोण, हा साहित्याच्या अभ्यासकाचा पहिला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत टिपणात तो 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७-२०२०) या मालिकेच्या संदर्भात उपस्थित करावयाचा आहे. जुन्नर-आंबेगाव परिसरात या मालिकेला आपलेपणाचे एक वेगळे परिमाण आहे. शिवनेरी येथला. संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे नारायणगावचे, आणि २०१९ व २०२४ साली हे दोन्ही तालुके ज्यात येतात त्या शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेलेले. अशा ठिकाणी पडद्यावरील प्रतिमा हीच इतिहासाची प्रतिमा होऊन बसली, तर नवल नाही.

तुलनेसाठी 'आय, क्लॉडियस' ही १९७६ सालची ब्रिटिश मालिका घेता येईल. रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या कादंबऱ्यांवरून जॅक पुलमन यांनी तिची संहिता सिद्ध केली. चित्रीकरण स्टुडिओतले, रणांगण नाही, सैन्य नाही. साम्राज्याचा सारा इतिहास एका घराच्या दालनांतून घडतो. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया आपल्या पहिल्या विवाहातील मुलाला, टायबेरियसला, गादी मिळावी म्हणून सम्राटाच्या रक्ताचे वारस एकेक करून दूर करते. या आरोपाचा आधार मुख्यतः टॅसिटससारख्या उत्तरकालीन इतिहासकारांनी नोंदवलेली कुजबुज. आजचे अभ्यासक तो सहसा ग्राह्य धरीत नाहीत.

असे असूनही ही कलाकृती टिकते, याचे कारण तिचा निवेदक. क्लॉडियस हा लिव्हियाचा नातू. तोतरा, लंगडा, घराने वेडगळ ठरवलेला, आणि म्हणूनच जिवंत राहिलेला. तो स्वतः इतिहासकार होता, हे ऐतिहासिक सत्य आहे (त्याचे ग्रंथ मात्र नष्ट झाले). कथेत लिव्हिया त्याच्यापाशी गुन्ह्यांची कबुली देते, ती आपल्याला देवत्व मिळवून देण्याच्या वचनाच्या बदल्यात, आणि इ. स. ४२ मध्ये क्लॉडियसने तिला खरोखरच देवत्व दिले. म्हणजे साक्षीदारच व्यवहारात गुंतलेला. प्रेक्षकाला त्याच्या साक्षीविषयी शंका घेण्याची मुभा राहते.

लिव्हियाच्या काळाच्या आसपासचा, सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख जुन्नर तालुक्यातच नाणेघाटात आहे. त्यात यज्ञ आहेत, दक्षिणा आहे. राजकुटुंबाचे पुतळे नाहीसे झाले, नावे उरली. कुजबुजीला त्यात जागा नाही.

रायगडाच्या कथेला ती भरपूर मिळाली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि ज्यांना १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिली त्या बाळाजी आवजींच्या घराण्यात लिहिलेली. तिने रंगविलेला संभाजी पुसून काढण्यास वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र आणि त्यानंतर कमल गोखले यांचे संशोधन कारणीभूत झाले. हे कार्य आवश्यकच होते. परंतु मालिकेने त्यापुढे जे केले, ते मला मान्य होण्यासारखे नाही. बखरीने एका डोक्यावर ठेवलेला कलंक उचलून तो दुसऱ्या डोक्यावर, सोयराबाईंच्या, ठेवला गेला. नायक निष्कलंक व्हायचा तर घरात कोणीतरी काळे हवेच, हे रचनासूत्र तसेच राहिले. संभाजी महाराजांच्या नावे असलेल्या १६८० च्या संस्कृत दानपत्रात सोयराबाईंचा निर्देश स्फटिकासारख्या निर्मळ अंतःकरणाची असा येतो आणि दोष त्यांचे मन कलुषित करणाऱ्या मंत्र्यांकडे जातो. हे दानपत्र राजकीय सोयीचे असेल. पण सोयीचे का होईना, ते नायकाचे स्वतःचे म्हणणे आहे.

येथे कोणी म्हणेल की, ग्रेव्हज यांनीही लिव्हियावर अन्यायच केला. केला, यात शंका नाही. फरक एवढाच की तेथे आरोप एका माणसाच्या तोंडून येतो. आपल्या मालिकेत तो कॅमेऱ्याच्या तोंडून येतो, आणि कॅमेऱ्याची उलटतपासणी कशी करावी हे प्रेक्षकाला कोणी शिकविलेले नाही. वसंत कानेटकरांनी 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) मध्ये हेच घर रंगभूमीवर आणले, तेव्हा पिता आणि पुत्र दोघांनाही आपापली बाजू होती. दूरचित्रवाणीने ती वाट पुढे नेली नाही.

वास्तविक मराठी क्लॉडियस शोधायला दूर जावे लागत नाही. बाळाजी आवजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी, वडिलांना ज्यांनी मारविले त्याच संभाजी महाराजांची चाकरी निष्ठेने केली आणि नंतर राजारामांचीही. दोन्ही बाजूंचे अन्न खाल्लेला, पितृवधाचे दुःख उरात बाळगणारा, आणि हाती लेखणी असलेला हा चिटणीस. त्याच्या निवेदनातून सोयराबाई कशा दिसल्या असत्या, हे कोणत्याही संहितालेखकाने अद्याप पाहिल्याचे माझ्या वाचनात वा पाहण्यात नाही.