घाईचा डाव आणि सावकाशीचा अभ्यास

बुद्धिबळें आपल्या घरांस नवीं नाहींत. दुपारची विश्रांति आटोपली म्हणजे ओटीवर पट मांडावा, दोघांनीं खेळावें आणि चौघांनीं न विचारतां सल्ला द्यावा, ही रीत पुष्कळांच्या पाहण्यांतली आहे. त्या डावाला घड्याळ नसे. आतां तोच खेळ मोबाईलवर आला आहे. 'चेस डॉट कॉम', 'लिचेस' यांसारख्या ठिकाणीं बोट लावतांच दूरदेशचा अनोळखी प्रतिस्पर्धी समोर येतो, आणि प्रत्येकाच्या वांट्यास दहा, पांच किंवा अवघीं तीन मिनिटें येतात. घरांतील मुलगा रात्रीं अकरा वाजतां 'हा शेवटचाच डाव' म्हणून बसतो, तो एक वाजला तरी उठत नाहीं. आणि महिन्याभरानें पाहावें, तों त्याचें मानांकन होतें तेथेंच असतें. वडील मंडळी म्हणतात, हें व्यसन. मुलगा म्हणतो, हा अभ्यास. या वादांत दोन्ही पक्षांचें थोडें थोडें चुकतें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम साधा हिशेब पाहावा. डाव चाळीस खेळ्यांचा धरला, तर तीन मिनिटांच्या डावांत एका खेळीस साडेचार सेकंद मिळतात, आणि दहा मिनिटांच्या डावांत पंधरा. पंधरा मिनिटें व प्रत्येक खेळीमागें दहा सेकंदांची भर अशी मुदत घेतली, तर सुमारें ३२ सेकंद मिळतात. कोणता मोहरा कोणाच्या जोरावर उभा आहे हें पाहण्यासच ज्यास दहा सेकंद लागतात, त्यानें तीन मिनिटांचे शंभर डाव खेळले, तरी त्याची दृष्टि वाढत नाहीं. एकच चूक शंभर वेळां गिरवून पक्की होते.

मग निष्णात खेळाडू इतक्या त्वरेनें कसे खेळतात? चेस व सायमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग येथें उपयोगी आहे. खऱ्या डावांतील मांडणी पांच सेकंद दाखवून ती आठवणीनें पुन्हा लावण्यास सांगितली, तेव्हां निष्णातानें नवशिक्यापेक्षां कितीतरी अधिक मोहरे बिनचूक लावले. पण मोहरे वाटेल तसे विखरून मांडतांच त्याचें हें श्रेष्ठत्व जवळजवळ नाहींसें झालें. अर्थात् त्याची स्मरणशक्ति अलौकिक नव्हती. त्याला मांडणीचे आकार ओळखीचे होते. त्वरा ही ओळखींतून येते, आणि ओळख सावकाशच होते.

यास्तव नवशिक्यानें कांहीं महिने दहा मिनिटांहून कमी मुदतीचा डाव घेऊं नये. भर असलेली मुदत मिळाल्यास उत्तम. प्रत्येक खेळीपूर्वीं दोन प्रश्न विचारावेत: समोरच्याच्या खेळीनें माझें काय धोक्यांत आलें? आणि माझ्या खेळीनें कोणता मोहरा बिनजोर पडतो? नवशिक्यांचे बहुतेक डाव खोल डावपेंचांनीं जात नाहींत; ते फुकट दिलेल्या घोड्या-उंटांनीं जातात. प्रारंभाच्या पांचपन्नास पद्धती पाठ करण्याची गरज नाहीं. मधलीं घरें धरावीं, घोडे व उंट बाहेर काढावेत, राजास लौकर किल्लेकोटांत न्यावें, आणि वजीर उगाच पुढें नाचवूं नये, एवढें पुरें. डावाचा शेवट मात्र हातांत बसला पाहिजे. एकट्या राजावर राजा व वजीर यांनीं फार तर दहा खेळ्यांत, आणि राजा व हत्ती यांनीं फार तर सोळा खेळ्यांत मात होते. शेवटचें एक मिनिट उरलें असतांहि ही मात करतां यावी. नाहीं तर शह नसतां समोरच्या राजाची कोंडी होते आणि जिंकलेला डाव बरोबरींत सुटतो.

कोडीं रोज दहाच सोडवावीं. पण चुकलेलीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा सोडवावीं. हरलेला डाव संगणकास विचारण्यापूर्वीं स्वतः तपासावा, आणि तो प्रथम कोठें बिघडला तें शोधावें.

जलद डावाला कमी लेखावें, असा याचा अर्थ नव्हे. जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें नागपूरच्या कु. दिव्या देशमुख यांनीं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरींत कोनेरू हंपी यांच्याशीं झालेले दोन्ही संथ डाव बरोबरींत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. वय एकोणीस, पण त्या डावामागें लहानपणापासूनचा अभ्यास होता.

आतां घरच्या मंडळींस एक विनंति. चालू डावांत मोबाईल हिसकावूं नये. घड्याळ चालत असतें, आणि पलीकडेहि एक माणूस बसलेला असतो. डाव किती खेळावयाचे, हें आधींच ठरवावें. लागोपाठ दोन हरले कीं त्या दिवसापुरतें थांबावें. रागानें खेळलेला तिसरा डाव बहुधा हरण्यासाठींच असतो. आजोबांस प्यादें एकेक घरच चालविण्याची देशी पद्धत येत असली, तरी बिनजोर मोहरा दोन्ही पद्धतींत सारखाच मारला जातो. त्यांनीं लांकडी पट काढून नातवाचा किंवा नातीचा हरलेला डाव पुन्हा मांडून घ्यावा.

पुढील एक महिना हा क्रम पाळून पाहावा: रात्रीं जेवणापूर्वीं दहा कोडीं व दोन डाव, आणि जेवणानंतर त्यांपैकीं एका डावाची पटावर तपासणी. मानांकनाचा आंकडा महिनाअखेरीसच पाहावा.