चिठ्ठी नको, उपचार हवेत

मुलाची दाढ रात्री ठणकू लागली की घरात कोण उठतं? लवंग शोधायची, गरम फडक्यानं गाल शेकायचा आणि सकाळी तशाच जागरणानं कामावर जायचं, हे कुणाच्या वाट्याला येतं? म्हणूनच शाळकरी मुलांचे दात हा केवळ डॉक्टरांचा विषय नाही. तो बाईच्या झोपेचा आणि तिच्या रोजाचाही विषय आहे.

मुलांच्या आरोग्याची काळजी शाळेत घेतली जावी, ही मागणी जुनी आहे. १९४६ साली भोर समितीनं शालेय आरोग्यसेवेची शिफारस केली. १९६० साली केंद्र सरकारनं नेमलेल्या शालेय आरोग्य समितीच्या अध्यक्षा होत्या रेणुका राय, स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडलेल्या कार्यकर्त्या. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली ती पालघरमधून. पालघर तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा तपासणी करायची असते. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे.

पण शाळेत येणाऱ्या पथकात कोण असतं? आयुष डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता. दंतवैद्य नाही. कीड दिसली की पुढच्या दवाखान्याची चिठ्ठी! ती घेऊन जाणार आईच. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई मुलाला घेऊन निघाली की तिचा खाडा पडतो. सरकारी दंत महाविद्यालय गाठायचं तर लोकलनं थेट मुंबई. एका फेरीत काम भागेलच असं नाही. मग चिठ्ठी डब्यात राहते, आज भरता आला असता तो दात उद्या उपटावा लागतो. वर ठपका कुणावर? 'आईनं लक्ष दिलं नाही!' २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. इतक्या साऱ्या आया निष्काळजी म्हणायच्या का?

न्यूझीलंडनं दुसरा मार्ग धरला. तिथे १९२१ पासून तरुण स्त्रियांना दोन वर्षांचं प्रशिक्षण देऊन शालेय दंतपरिचारिका म्हणून नेमलं. शाळेच्या आवारातच त्या मुलांचे दात भरत. मात्र बायकांचं काम म्हणून पगार तुटपुंजा. १९७४ साली त्यांना पगारवाढीसाठी संसदेवर मोर्चा न्यावा लागला. मैत्रिणींनो, हे वाचताना आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताई डोळ्यांपुढे येतात ना?

म्हणून मागणी करताना सावध राहू. दातांचं आणखी एक रजिस्टर मानधनावरच्या बाईच्या डोक्यावर लादून प्रश्न सुटणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन होऊन चाळीस वर्षं उलटून गेली. त्यांच्या अंदाजपत्रकात पालिका शाळांसाठी पूर्ण पगारी दंतवैद्य आणि सहाय्यिका असाव्यात. ठरलेल्या दिवशी त्यांनी शाळेतच दात भरावेत. एक दिवसाचं शिबिर आणि फोटो नकोत.

आपल्या वॉर्डातल्या शाळेत जाऊन विचारू या: गेल्या तपासणीत किती मुलांना चिठ्ठ्या दिल्या, आणि त्यातल्या कितींवर उपचार झाले? उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.