लेखणीवर घर चालावे
मराठीला ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या चौघांपैकी वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, तर कुसुमाग्रजांनी उमेदीची वर्षे वृत्तपत्रांत काढली. थोरांनाही पोटासाठी दुसरे काम लागलेच. आजचा पूर्णवेळ लेखक दिवसा अनुवाद करतो, मालिकांचे संवाद लिहितो आणि स्वतःच्या कादंबरीसाठी रात्र राखून ठेवतो. दिवाळी अंकाची कथा पावसाळ्यातच मागून घेतली जाते. मानधन मात्र अनेकदा वर्ष उलटल्यावर, तेही आठवण करून दिल्यावर हाती पडते. श्रमाचा मोबदला वेळेवर देणे हा उपकार नव्हे. संपादक-प्रकाशकांनी मजकूर स्वीकारतानाच रक्कम आणि तारीख लेखी कळवावी. आणि वाचकहो, आवडत्या लेखकाचे पुस्तक पीडीएफ करून फिरवू नका, विकत घ्या.