ट्रेडमिल अडखळतेय? आधी पट्टा उचलून बघा

जिमची फी वाचेल, पावसाळ्यातही चालणं चुकणार नाही, म्हणून तुम्ही हौसेने ट्रेडमिल घेतली. पहिले दोन महिने घरातल्या सगळ्यांनी नंबर लावले. मग एक दिवस पाऊल टाकताच पट्टा अडखळला, मोटर गुरगुरली आणि तेव्हापासून तिच्यावर टॉवेल वाळतायत. मोटर गेली असं लगेच समजू नका. बरेचदा पट्टा फक्त कोरडा पडलेला असतो.

पट्टा ज्या फळीवरून सरकतो तिला डेक म्हणतात. या दोघांमधलं सिलिकॉन ऑइल संपलं की घर्षण वाढतं, मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि मशीन मध्येच बंद पडते किंवा घरातला एमसीबी ट्रिप होतो. तसंच रेटत राहिलात तर मात्र मोटर किंवा कंट्रोलर बोर्ड खरोखरच जातो आणि खर्च हजारोंच्या घरात पोहोचतो.

तपासणं सोपं आहे. प्लग काढा, पट्ट्याची कड उचला आणि हात मधोमध, जिथे पाय पडतात तिथपर्यंत घाला. बोटांना ओशटपणा लागला नाही तर तेल हवंय. पण कुठलंही नाही! आमच्या घरी बाबांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. महिन्याभरात त्यात धूळ बसून काळा चिकटा झाला आणि पट्टाच बदलावा लागला. खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचे स्प्रेही नकोत. ट्रेडमिलचं सिलिकॉन ऑइलच आणा. दोन्ही बाजूंनी पट्टा उचलून डेकवर नागमोडी धार सोडा, वरच्या बाजूला सांडू देऊ नका, नाहीतर पाय घसरेल. मग तीन-चार मिनिटं मशीन मंद गतीने रिकामी चालवा. रोजचा वापर असेल तर दोन-तीन महिन्यांनी हे करावं लागतं. काही मॉडेलना तेल चालत नाही, म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचा.

पट्टा एका बाजूला सरकतोय? मागच्या रोलरला दोन्ही बाजूंना बोल्ट असतात. पट्टा डावीकडे जात असेल तर मशीन बंद करून डावा बोल्ट ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मग रिकामी चालवून बघा. पाऊल टेकताच पट्टा घसरत असेल तर दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा आवळा. जास्त आवळलं तर बेअरिंगवर ताण येतो.

मशीन सुरूच होत नसेल तर सेफ्टी की नीट बसली आहे का ते बघा. हसू नका, हे खूप जणांचं होतं. एक्स्टेंशन बोर्डही टाळा, थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लग लावा. तेल घालूनही जळका वास येत असेल तर मात्र प्लग काढा आणि टेक्निशियनलाच बोलवा.

घरात लहान मुलं असतील तर आणखी एक. चालू पट्ट्याच्या मागच्या टोकाशी मूल आत ओढलं जाऊ शकतं. 2021 मध्ये अमेरिकेत अशाच एका अपघातात लहान मूल दगावल्यावर एका कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या होत्या. त्यामुळे व्यायाम झाला की प्लग आणि सेफ्टी की, दोन्ही काढा. आमची की देवघराच्या वरच्या खिळ्याला टांगलेली असते, भाच्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर.