होम थिएटर मुकं नाही झालं, वायर बदलली!

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. पण घरात नवा टीव्ही आला, कॉलेजसाठी लॅपटॉप आला, की पुढचा नंबर कुणाचा लागतो? हॉलमधल्या जुन्या होम थिएटरचा. पाच स्पीकर, एक सबवूफर आणि तो जडशीळ रिसिव्हर. बाबांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला. लॅपटॉपची वायर त्याला लागत नाही म्हटल्यावर घरात निकाल ठरलेला असतो, ‘देऊन टाका भंगारात!’ खामगाव असो की मलकापूर, भंगारवाला वजनावर घेतो. आवाज ऐकून भाव देत नाही.

गंमत म्हणजे रिसिव्हर बहुतेक वेळा बिघडलेला नसतोच. बदललेली असते ती पिन. सोनी आणि फिलिप्सनं सीडीच्या जमान्यात डिजिटल आवाजाची एक पद्धत ठरवली, तिचं नाव एस/पीडीआयएफ. १९८३ मध्ये तोशिबानं त्यासाठी प्रकाशावर चालणारी केबल आणली, तीच आपली ऑप्टिकल. मग २००२ मध्ये एचडीएमआय ठरलं. चित्र आणि आवाज एकाच वायरीत आले आणि लॅपटॉपवाल्यांनी ऑप्टिकल हळूहळू काढून टाकलं. ॲपलच्या मॅकबुक प्रोमध्ये हेडफोनच्या छिद्रातच ऑप्टिकल लपलेलं असायचं, २०१६ च्या मॉडेलपासून तेही गेलं. आता पातळ लॅपटॉपला दोन यूएसबी-सी असतात, बस्स.

मग जोडायचं कसं? सरळ उपाय म्हणजे एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर नावाची छोटी डबी. लॅपटॉपचं एचडीएमआय डबीत, डबीतून चित्र टीव्हीला आणि आवाज ऑप्टिकल केबलनं रिसिव्हरला. लॅपटॉपला एचडीएमआयच नसेल तर ऑप्टिकल आउट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. यूएसबी-सीतून एचडीएमआय काढणार असाल तर थांबा, प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडत नाही. आधी लॅपटॉपचं मॉडेल तपासा, मग पैसे मोजा. तिकडे रिसिव्हरला एचडीएमआय दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. सुरुवातीच्या काही मॉडेल्समध्ये ते फक्त चित्र पुढे पाठवायचं, आवाज उचलायचंच नाही.

‘एवढा खटाटोप कशाला, हेडफोनच्या पिनला लाल-पांढरी वायर लावली की झालं!’ हे कुणीतरी म्हणणारच. लावा, चालतं. पण चार्जर लावला की स्पीकरमधून ‘घुंऽऽऽ’ सुरू होतं, अनुभव असेल. लॅपटॉप आणि रिसिव्हर वेगवेगळ्या वाटेनं अर्थिंगला जोडले गेले की हा गुणगुणाट येतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची काय अवस्था असते, ते सांगायला नको. ऑप्टिकलमध्ये प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे या वाटेनं तो आवाज येऊच शकत नाही. माझ्या मते डबीवर पैसे घालायला हे एकच कारण पुरेसं आहे.

आता थोडी निराशा. ऑप्टिकलमधून सुटा आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. ५.१ हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबून बांधलेला लागतो. लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये तसा ट्रॅक असेल तर व्हीएलसीमध्ये पासथ्रू सुरू करा, रिसिव्हरच्या डिस्प्लेवर नाव झळकेल. डबीवर ‘पास, २, ५.१’ असं बटण असेल तर ते ५.१ वर ठेवा. ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस मात्र या वाटेनं जात नाही. तिथे दोन चॅनेलवर समाधान माना आणि रिसिव्हरमध्ये प्रो लॉजिक असेल तर तेच पाचही स्पीकरवर पसरवा. ऐकायला वाईट नाही लागत, खरंच.

हे सगळं सरकारी धोरणात कुठे बसतं? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवायला नेमलेल्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून आहे. चांगलंच आहे. पण दोन्हीकडे विचार आहे तो बिघडलेल्या वस्तूचा. न बिघडता निकामी ठरलेल्या वस्तूचं काय? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी टाकलेल्या वस्तूची जबाबदारी उत्पादकावर टाकली, पण ती टाकायची वेळच येऊ नये यासाठी खोक्यावर ‘कोणकोणत्या जुन्या पोर्टला जुळतं’ एवढी एक ओळ छापायची सक्ती का नाही? पुण्या-मुंबईत शोधून देणारा दुकानदार भेटतो. मेहकर-लोणारच्या मुलानं चुकीची डबी आणली तर ती बदलायला जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो.

तोवर एक करा. दुकानात जाण्याआधी रिसिव्हरच्या पाठीचा आणि लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा आणि दुकानदाराला तोच दाखवा. ‘ऑप्टिकल’ असं लिहिलेलं चौकोनी झाकण दिसलं तर काम होणार. आणि हो, नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या पारदर्शक टोप्या असतात. त्या काढल्याशिवाय केबल नीट बसत नाही.