गिअरबॉक्सचा ताप

दिवाळी अंकात गिअरबॉक्सविषयी लिहिणे म्हणजे लाडवांच्या ताटात पाना आणून ठेवण्यासारखे आहे, हे मला कबूल आहे. पण या सदराचे वाचक वर्षभर मोटारींची दुखणी मला कळवतात, आणि यंदा दुखणे आमच्याच घरातले निघाले. शिवाय त्या दुखण्यापायी आमच्या वहिनींच्या दोन दिवाळ्या लेकावाचून गेल्या. तेव्हा विषय अगदीच अस्थानी नाही.

माझा पुतण्या अमेरिकेत फिनिक्सला असतो. ॲरिझोनाच्या वाळवंटातले हे शहर. २०२३ साली तेथे ओळीने ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसवर जात होता, यावरून तेथल्या उन्हाची कल्पना यावी. त्याने हौसेने एक जुनी पॉन्टियाक जीटीओ घेतली, २००४ सालची. नाव अमेरिकन, पण गाडी घडली ऑस्ट्रेलियात, होल्डनच्या कारखान्यात. साडेतीनशे अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे एंजिन आणि चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने वेगाच्या नादात टॉर्क कन्व्हर्टर बदलून जास्त 'स्टॉल'चा बसवला होता. येथेच पाणी मुरत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, संध्याकाळच्या गर्दीत, गाडी गिअर सोडू लागली. तेल काढले तर लाल तेल तपकिरी झालेले आणि करपल्याचा वास. एका गॅरेजने गिअरबॉक्स उघडून नवा केल्यासारखा करून दिला, पण तेल थंड करणारा जुना कूलर तसाच जोडला. झिजलेल्या क्लचचा चुरा आणि धातूची कीस त्याच्या पोटात साठलेली होती. ती नव्या तेलाबरोबर परत आत गेली आणि चार महिन्यांत गिअरबॉक्स पुन्हा बसला. दुसऱ्या दुरुस्तीत पुण्याच्या तिकिटांचे पैसे गेले. पुढची दिवाळी मागचे देणे फेडण्यात गेली.

दुसरी दुरुस्ती आणि नवा रेडिएटर झाल्यावर त्याचा फोन आला. "काका, आता सगळ्यांत मोठा कूलर घेऊन टाकतो. तीस हजार पौंडांच्या गाडीला चालणारा मिळतो."

"अरे, तुझी गाडी केवढी?"

"पावणेचार हजारांच्या आसपास."

"मग आधी ताप किती आहे तो पाहा. औषधाची बाटली केवढी आणायची ते मग ठरवू."

ताप येतो कोठून ते थोडक्यात सांगतो. एका मेजावर विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच घडते, फक्त वाऱ्याच्या जागी तेल असते. एक पंखा एंजिनाचा, दुसरा गिअरबॉक्सचा. दोघांच्या वेगात जितका फरक, तितके तेल घुसळले जाते आणि तितके तापते. जास्त स्टॉलच्या कन्व्हर्टरमध्ये हा फरक मुद्दाम वाढवलेला असतो, म्हणजे गाडी सुटताना एंजिन झटकन जोरात येते. शर्यतीत ती चैन. सिग्नलच्या रांगेत तीच शिक्षा. मोठ्या रस्त्यावर गाडी एका वेगाने चालली की आतला एक क्लच दोन्ही पंख्यांना घट्ट बांधून टाकतो. मग घुसळणे थांबते आणि ताप उतरतो.

तेलाला ८० ते ९५ अंश मानवते. त्यापुढे, अमेरिकन कारागिरांचा ठोकताळा असा की, दर ११ अंशांच्या वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते. ११५ अंशांच्या वर तर आतले रबरी सील कडक होऊ लागतात.

मी पुतण्याला आठ दिवस नुसती नोंद ठेवायला सांगितली. या गाडीत तेलाचे तापमान मोजणारा सेन्सर कारखान्यातूनच असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला एक स्वस्त उपकरण लावले की आकडा फोनवर दिसतो. आठ दिवसांची वही बोलू लागली. मोठ्या रस्त्यावर ८८. घराजवळच्या चढावर ९६. आणि कचेरी सुटल्यानंतरच्या गर्दीत, सरकत-थांबत, ११७!

म्हणजे ताप वेगाचा नव्हता, मुंगीच्या चालीचा होता. येथे सगळा हिशेब फिरला. कूलर कितीही मोठा असो, त्यावरून वारा गेला नाही तर तो नुसता गरम तेलाचा डबा. गर्दीत वारा कोठला? तेव्हा त्याला हवा होता तो मध्यम आकाराचा, पण स्वतःचा विजेचा पंखा असलेला आणि तेल ठरावीक अंशाला पोहोचले की आपोआप सुरू होणारा कूलर. पौंडांचे आकडे ओझी ओढणाऱ्या गाड्यांच्या सोयीने दिलेले असतात. सिग्नलला किती वेळ उभे राहावे लागेल, ते त्यात लिहिलेले नसते.

प्रकार मुख्यतः दोन लक्षात ठेवावेत. एकात वळवलेली नळी आणि तिला पत्र्याच्या चकत्या. हा स्वस्त आणि साध्या कामाला पुरेसा. दुसऱ्यात पातळ पोकळ पट्ट्यांचे थरावर थर. महाग, पण तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त उष्णता टाकतो आणि तेलाला वाटही मोकळी देतो. पुतण्याने दुसरा घेतला. तो रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या आरपार ओवून बांधू नये, असे मी बजावले. हादऱ्यांनी त्या काड्या जाळी घासतात आणि एक दिवस भोक पडते. पत्र्याच्या पट्ट्यांवर, सांगाड्याला पक्का बसवावा. रबरी नळीही गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेलीच घ्यावी. पेट्रोलची नळी दिसायला तशीच असते, पण या उष्णतेत तडकते. या नळीतल्या चार पैशांच्या बचतीपायी हजारोंचा गिअरबॉक्स रिकामा होतो.

एक वाद उरला. अशा गाड्यांत पहिला कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तेथे तेल पाण्याकडून थंड होते, पण पाणीच नव्वदीला असल्यावर तेल त्याखाली जायचे कसे? म्हणून पुष्कळ जण तो तोडूनच टाकतात. भीतीही खरी आहे. जुन्या रेडिएटरमध्ये आतली नळी फुटली तर पाणी तेलात शिरते आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस होतो. तो ज्याने पाहिला त्याने गिअरबॉक्सवर पाणी सोडावे! पण पुतण्या थंडीत बायकामुलांना बर्फ दाखवायला फ्लॅगस्टाफला नेतो, सात हजार फुटांवर. तेथे हाच पाण्याचा कूलर गारठलेल्या तेलाला ऊब देतो. रेडिएटर नवा असल्यामुळे आम्ही तो ठेवला. तेल आधी त्यातून, मग नव्या कूलरमधून, आणि तेथून परत.

बिनपैशाचे एक औषधही दिले. लांब सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ब्रेक धरावा. घुसळणे जवळजवळ थांबते.

आता आपल्याकडच्या वाचकांसाठी. क्लच नाही म्हणून प्रत्येक गाडीला कूलर लागतो असे समजू नका. आपल्या पुष्कळ छोट्या गाड्यांतले 'एएमटी' म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स; क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्र करते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि हा कूलरही लागू नाही. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल, तरी कारखान्याने दिलेली व्यवस्था रोजच्या वापराला पुरते. एंजिन वा कन्व्हर्टर बदलला असेल, ओझे ओढायचे असेल, तरच पुढचा विचार. आणि तेव्हाही आधी आकडा, मग दुकान.

यंदाचा सबंध उन्हाळा पुतण्याने वही ठेवली. फिनिक्सच्या भर गर्दीतही आकडा ९४ च्या वर गेला नाही. वहिनींना मी मोठ्या उत्साहाने हे सांगायला गेलो. त्या चकलीच्या तेलात पिठाची गोळी टाकून पाहत होत्या.

"तेल किती तापलं ते पाहिल्याशिवाय चकली सोडायची नाही, एवढं त्याला मी लहानपणीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिकिटं काढलीत ना त्यानं?"

काढली आहेत. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोहोचतो आहे.